तीन मिलीमीटर

सीत्राच्या छापखान्यातून शिवनकुट्टीचा फोन:
फाइल नऊच्या आत हवी. त्यानंतर मशीन
कुठल्याशा हायपरमार्केटच्या पत्रकांना दिलंय,
कोंबडी स्वस्त झालीय म्हणे.

माझ्यासमोर बेचाळीस-त्रेचाळीस.
मुहर्रकच्या किनाऱ्यावर अर्धं बांधलेलं गलबत,
बरगड्या उघड्या, आणि बरोबर मधोमध
हाजी अब्दुलनबी, हातात वाकस.
पानांची घडी त्यांच्या नाकावरून जाते.
असंच छापलं तर शिवण त्यांना गिळेल,
उरतील दोन कान
आणि मध्ये दोरा.

समुद्राचं काय सांगू.
पडद्यावर तो जिवंत असतो,
चार शायांमध्ये उतरवला की राख.
किरमिजी कमी करावी तर शेवाळतो,
काळा वाढवावा तर गटार.
जासिमने फोटो पहाटे काढला होता.
म्हणाला, पाणी निळं नव्हतंच रे,
करक चहासारखं होतं.
संपादक खुलूदला निळं हवंय.
मी निळं दिलं.

शीर्षक अरबीत, उजव्या पानावर.
मिरजेत मी तंबोऱ्याच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचो.
आधी रेघ मारायची, मग तिला अक्षरं टांगायची,
दोरीवरच्या धुण्यासारखी.
इथली अक्षरं रेघेवर बसतात, काही खाली बुडी मारतात,
शेजारणीचा हात न सोडता.
ओळ अपुरी पडली तर आपण
शब्दांमधली फट वाढवतो.
हे लोक अक्षरच लांबवतात.
एक आडवी रेघ, काहीच न बोलणारी;
शब्द तोच, फक्त संपतो उशिरा.
कशीदा म्हणतात तिला.
आमच्याकडे कशिदा म्हणजे सुईचं काम.
मी दोन वर्षांच्या व्हिसावर आलो होतो.
हे एकोणिसावं.

खुलूद खुर्ची ओढते, माऊस माझ्या हातातून घेते.
"म्हाताऱ्याला डावीकडे सरकव."
चौदा मिलीमीटर.
उजवीकडे आभाळ कमी पडलं, ते ताणलं,
कुणाच्या लक्षात येणार नाही.
डावीकडे फळीचं दुसरं टोक कडेबाहेर गेलं
आणि ते धरून उभा असलेला माणूस.

होता एक. विटका टीशर्ट, कोपराला फडकं बांधलेलं.
नाव विचारलं तर जासिम म्हणाला,
मांडवीचा कुणीतरी, घाईत राहिलं.
फोटोखालच्या ओळीत नाव एकच आहे,
दोन भाषांत.
फळी असेल वीस-बावीस फुटांची.
हाजींनी ती एकट्याने कशी पेलली,
हे कुणी विचारणार नाही,
मांडणी चांगली असेल तर.

पानाच्या कडेबाहेर तीन मिलीमीटर जास्तीचं छापतात,
सुरी चुकलीच तर पांढरं दिसू नये म्हणून.
ब्लीड म्हणतात त्याला.
तेवढ्यात त्याची चार बोटं मावली.
पुसता आली असती.
नऊला पाच कमी होते.
पाठवली.

मंगळवारी अंक आला, वास अजून ओला.
सुरी केसभर सरकली होती,
शिवनकुट्टी फोनवर आधीच माफी मागत होता.
त्रेचाळीसच्या कडेला, फळीवर, नखं.
चार. त्यातलं एक काळंनिळं,
कधीतरी हातोडी बसलेलं.
अख्ख्या अंकात तो एक निळा
मी दुरुस्त केलेला नाही.

अरबी अंक उजवीकडून उघडतो.
पान उलटायला डावी कड धरावी लागते.
परवा गुदैबियात, न्हाव्याच्या दुकानात,
नंबर येईपर्यंत एक गृहस्थ तोच अंक चाळत होते.
शीर्षक वाचलं नाही, समुद्राकडे पाहिलं नाही.
अंगठा जिभेला लावला
आणि नेमका तिथे टेकवला.